चांदणीचा टॅटू काढायचाय? आधी टोकं मोजा

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, पाच टोकांची चांदणी होती. होती म्हणजे अजूनही आहे, पण आता ती वेगळीच दिसते, ते का ते शेवटी सांगते. काढून घेतली तेव्हा हात डोळ्यांसमोर धरून बघितलं, एक टोक बरोब्बर वर, एकदम मस्त. पुढचे सहा-सात महिने मी खूश. मग एका ग्रुप फोटोत मी हात खाली सोडून उभी होते आणि फोटो झूम करून एका मैत्रिणीने विचारलं, "अगं हे सैतानाचं चिन्ह तू मुद्दाम काढलंयस का?" मी फोटो बघितला तर खरंच, हात खाली सोडल्यावर चांदणी उलटी, टोक जमिनीकडे.

चांदणी हे सगळ्यात सोपं डिझाइन असं सगळे समजतात आणि म्हणून तिच्यावर कुणी डोकंच चालवत नाही, दहा मिनिटं मोबाइलवर फोटो चाळायचे आणि जाऊन बसायचं, मीही तेच केलं. तुम्ही करू नका, म्हणून हे सगळं लिहितेय.

१. नक्की कुठली चांदणी हवीय ते ठरवा

खरा तारा गोल असतो, त्याला टोकं बिकं काही नसतात. आपल्याला जे किरण फुटलेले दिसतात ते आपल्या डोळ्यातल्या भिंगाच्या रचनेमुळे, आणि दुर्बिणीच्या फोटोत जो क्रॉस दिसतो तो दुर्बिणीच्या आतल्या आधाराच्या पट्ट्यांमुळे. म्हणजे टोकं किती काढायची हे माणसांनीच ठरवलंय आणि प्रत्येकाने वेगळं ठरवलंय. इजिप्तमध्ये उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतलं छत पाच टोकांच्या चांदण्यांनी गच्च भरलेलं आहे, जवळपास ४३०० वर्षांपूर्वीचं, कारण मेलेला राजा उत्तरेकडच्या कधीच न मावळणाऱ्या ताऱ्यांत जाऊन बसतो अशी त्यांची समजूत. मेसोपोटेमियात मात्र इश्तार देवीची चांदणी आठ टोकांची, आणि ती म्हणजे शुक्र.

तर पहिलं काम, कागदावर एका ओळीत लिहा की ही चांदणी माझ्यासाठी काय आहे. वाट दाखवणारी? गेलेल्या माणसाची आठवण? नुसती शोभा? (शोभा हेही चालतं हो, फक्त ते स्वतःशी कबूल करा.) ध्रुव हवा असेल तर गोष्ट माहीतच असेल, बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर आणि मग मिळालेलं अढळपद. गंमत म्हणजे तारा म्हणून ध्रुव तसा अढळ नाहीये, पृथ्वीचा आस साधारण २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो त्यामुळे ध्रुवतारा बदलत राहतो, त्या पिरॅमिडवाल्यांच्या काळात ठुबान नावाचा तारा ध्रुवाच्या जागेजवळ होता. मला तर हे कळल्यावर ध्रुव जास्तच आवडायला लागला. उल्का म्हणजे "तुटता तारा" हवा असेल तर तो तारा नाहीच, वातावरणात जळणारा खडा आहे, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढाच, पण क्षणभर चमकून जाण्याचा अर्थ हवा असेल तर तोच बरोबर.

२. टोकं मोजा

इंटरनेटवरचे फोटो जसेच्या तसे घेऊ नका. हल्ली एआयने बनवलेल्या डिझाइनमध्ये एकाच चित्रात एक चांदणी पाचाची, शेजारची सहाची आणि तिसरी साडेसहाची असते. बोट ठेवून मोजा.

पाच टोकं. यात दोन प्रकार, एक नुसत्या बाहेरच्या कडेची किंवा भरलेली, आणि दुसरी आतल्या रेषा एकमेकींना छेदणारी, पेन न उचलता एका दमात काढता येते ती. दुसरीला पेंटाग्राम म्हणतात आणि खरा इतिहास तिचा आहे. पायथागोरसच्या अनुयायांची ती आपसातली खूण होती आणि आरोग्याशी जोडलेली होती. मध्ययुगातले ख्रिस्ती लोक तिच्यात येशूच्या पाच जखमा बघायचे. मोरोक्कोच्या झेंड्यावर १९१५ पासून हिरव्या रंगात तीच आहे. म्हणजे शेकडो वर्षं ही चांगली, रक्षण करणारी खूण होती, मग सैतान कुठून आला? तर १९व्या शतकात फ्रान्समध्ये एलिफास लेव्ही नावाचे गूढविद्यावाले लेखक होते, त्यांनी एक टोक वर असेल तर शुभ आणि दोन टोकं वर असतील तर अशुभ, बोकडाची शिंगं, अशी फोड केली आणि ती चिकटली. पुढे १९६६ मध्ये अँटन लावे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत चर्च ऑफ सेटन काढलं, त्यांनी उलट्या पेंटाग्राममधला बोकड चिन्ह म्हणून घेतला, तिथून ते पोस्टरांवर, टी-शर्टांवर, सगळीकडे. दुसरीकडे विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाचे लोक सरळ पेंटाग्राम श्रद्धेने वापरतात, २००७ मध्ये अमेरिकन सरकारने सैनिकांच्या थडग्यावर तो कोरायला परवानगीही दिली. आणि उलटी म्हणजे सैतानच असंही नाही बरं का, अमेरिकेचं मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक उलट्या चांदणीचंच आहे. पण फोटो बघणाऱ्या मैत्रिणीला हे सगळं समजावत बसायची तयारी आहे का, प्रश्न तो आहे.

सहा टोकं. दोन त्रिकोण एकमेकांवर. तांत्रिक परंपरेत वरचं टोक शिव, खालचं शक्ती, आणि अनाहत चक्राच्या बारा पाकळ्यांमध्ये हाच आकार बसलेला असतो. मुस्लिम जगात ही सुलेमानची मुद्रा, दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवर बघा, दोन्ही बाजूंना आहेत. आणि जगात सगळ्यात जास्त ओळखली जाते ती मागेन दावीद म्हणून, म्हणजे दावीदची ढाल, ज्यूंची चांदणी. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्यांची परिषद, भरली तिथे ती झळकली आणि १९४८ मध्ये इस्रायलच्या झेंड्यावर गेली. मधल्या काळात काय झालं तेही माहीत असू द्या, सप्टेंबर १९४१ पासून नाझी जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळी चांदणी शिवावी लागत होती. त्यामुळे पिवळ्या रंगात सहा टोकांची चांदणी "छान दिसते" म्हणून काढू नका, अजिबात नाही. आणि शिव-शक्तीचाच अर्थ हवा असेल तर भोवती बारा पाकळ्या काढून घ्या, म्हणजे बघणाऱ्याला नीट वाचता येईल.

अजून एक. शिकागोकडच्या टोळ्यांमध्ये पाच टोकं म्हणजे पीपल नेशन आणि सहा टोकं म्हणजे फोक नेशन (टोळ्यांच्या दोन विरोधी आघाड्या) असा १९७०च्या दशकाच्या शेवटापासूनचा हिशेब आहे. तुम्हाला त्यांच्याशी काही देणंघेणं नसेल, पण चांदणीसोबत मुकुट, त्रिशूळासारखा काटा असल्या गोष्टी जोडलेलं रेडिमेड डिझाइन दिसलं तर जरा थांबा, त्या टोळ्यांच्या खुणा असू शकतात.

सात टोकं कमी लोक काढतात. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावरची मोठी चांदणी सातची आहे, सहा मूळ राज्यं आणि सातवं टोक उरलेल्या प्रदेशांसाठी, जॉर्डनच्या झेंड्यावर कुराणातल्या पहिल्या अध्यायाच्या, अल-फातिहाच्या, सात आयतींसाठी. परीकथावाल्या मंडळींना ही फार आवडते.

आठ टोकं. इश्तारचं वर आलंच. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले की होते ती अष्टलक्ष्मीची चांदणी, आणि जवळपास तोच आकार कुराणात भाग संपल्याची खूण म्हणून छापलेला असतो, त्यामुळे पायावर काढणार असाल तर दहादा विचार करा. याचा तिसरा अर्थ मात्र जड आहे. रशियन तुरुंगांत खांद्याखाली दोन्ही बाजूंना आठ टोकांच्या चांदण्या म्हणजे हा माणूस चोरांच्या दुनियेतला मोठा अधिकारी, आणि गुडघ्यांवर असतील तर "मी कुणापुढे गुडघे टेकत नाही". लायकी नसताना कुणी त्या काढल्या तर बाकीचे कैदी त्या कातडीसकट खरवडून काढायचे. जिममधल्या एका मुलाने दोन्ही खांद्यांवर हुबेहूब तशाच काढल्या होत्या, सिमेट्रिकल दिसतात म्हणून, आणि मी सांगितल्यावर त्याने पुढचे काही दिवस बाह्यांचे शर्ट घातले.

३. कुणासाठी सरळ ते ठरवा

मी इथेच फसले. सहा आणि आठ टोकांची चांदणी हात वर असो की खाली, सारखीच दिसते, अर्धा फेरा फिरवली तरी तीच. पाच आणि सातची तशी नाही, ती उलटी होतेच. म्हणजे हातावर काढलेली पाचाची चांदणी तुम्हाला सरळ दिसली तर जगाला उलटी आणि जगाला सरळ तर तुम्हाला उलटी, मधला मार्ग नाही. बहुतेक चांगले आर्टिस्ट सांगतात की हात नैसर्गिक लटकत असताना जी सरळ दिसेल तीच खरी सरळ. माझ्या आर्टिस्टने विचारलं नाही आणि मी बोलले नाही, दोघंही हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होतो.

घरी करून बघा: पेनने काढा, आरशासमोर हात सोडून उभे राहा, कुणाला तरी मागून-पुढून फोटो काढायला सांगा. मग तीच चांदणी पेनने रोज गिरवत दोन आठवडे वागवा. पाचव्या दिवशी कंटाळा आला तर तुमचे पैसे वाचले.

४. रंग आणि जागा

लाल पाच टोकांची चांदणी म्हणजे कम्युनिझम, रेड आर्मीने १९१८ मध्ये घेतली तेव्हापासून. हंगेरीत ती सार्वजनिक ठिकाणी लावणं गुन्हा होता, त्यावरून एका माणसाला शिक्षा झाली आणि प्रकरण युरोपियन मानवाधिकार न्यायालयात जाऊन २००८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. काही देशांत सोव्हिएत चिन्हांवर अजूनही बंदी आहे. शिवाय टॅटूच्या शाईत लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते, हे वेगळंच.

काळी-पांढरी, प्रत्येक टोक अर्धं गडद अर्धं फिकं, ती नॉटिकल स्टार. समुद्रातल्या नकाशांवर होकायंत्राच्या चक्रात उत्तर दाखवायला चांदणी असते, खलाशांनी तीच अंगावर घेतली, घरची वाट सापडावी म्हणून. मला विचाराल तर पहिल्या टॅटूला हीच सगळ्यात सुरक्षित. हिलाही दुसरा पदर आहे आणि तो मला फार आवडतो: १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो शहरात काही लेस्बियन बायका मनगटावर छोटी निळी चांदणी काढून घ्यायच्या, दिवसा कामावर घड्याळाच्या पट्ट्याखाली लपायची आणि संध्याकाळी घड्याळ काढलं की आपल्या माणसांना ओळख पटायची.

कोपरावर नॉटिकल स्टार क्लासिक दिसते पण दुखते भयंकर आणि कातडी सारखी हलत असल्याने शाई नीट बसत नाही, टचअप लागतोच. बोटं, तळवा, पावलाची कड इथली चांदणी झिजते. चेहरा नको. २००९ मध्ये बेल्जियममधल्या एका १८ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर ५६ चांदण्या काढल्या गेल्या, तिने सांगितलं मी तीनच सांगितल्या होत्या आणि मला झोप लागली, जगभर बातमी झाली, नंतर तिनेच कबूल केलं की झोप वगैरे काही नव्हती, वडील भडकले म्हणून तसं बोलले.

सैन्य, पोलीस, विमान कंपनी असल्या नोकरीत जायचं असेल तर दिसणाऱ्या जागेवर काढण्याआधी त्यांचे नियम वाचा, काढून झाल्यावर नाही.

५. तारकासमूह काढणार असाल तर

इथला सापळा म्हणजे आरसा. स्टेन्सिल (सुईआधी त्वचेवर उमटवतात तो डिझाइनचा छाप) उलटं छापलं गेलं किंवा तुम्ही दिलेला फोटो सेल्फी कॅमेऱ्यासारखा फिरलेला असला की सप्तर्षीची शेपटी भलतीकडेच वळते, आणि ठिपके असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या खगोलगोलांवर तारकासमूह बाहेरून बघितल्यासारखे, म्हणजे उलटेच काढायचे, त्यामुळे जुनं चित्र उचललं तर हमखास ही चूक होते. आकाश दाखवणारं ॲप उघडा आणि शेपटीचा बाक ताडून बघा, तो स्वातीकडे गेला पाहिजे. शेपटीच्या मधल्या वसिष्ठाशेजारी अरुंधतीचा बारका ठिपका मागून घ्या, तो नसेल तर निम्मी मजा गेली. मृगातले बाणाचे तीन तारे सोपे आणि सुंदर, पण ते अगदी सरळ रेषेत नाहीत, एक टोकाचा तारा किंचित बाजूला आहे, आर्टिस्टला पट्टीने ओळीत आणू देऊ नका.

आणि अर्थ तुमच्या हातात राहतोच असं नाही. सदर्न क्रॉस, म्हणजे दक्षिण आकाशातला क्रॉस, ऑस्ट्रेलियात लोक साध्या देशप्रेमाने काढायचे. डिसेंबर २००५ मध्ये सिडनीच्या क्रोनुला बीचवर वांशिक दंगल झाली आणि त्यानंतर तो टॅटू बऱ्याच लोकांना वंशवादाची खूण वाटायला लागला, कित्येकांनी लेझरने काढून टाकला.

६. साइझ, कारण टोकं पसरतात

शाई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरत राहते. पाचाच्या चांदणीचं टोक ३६ अंशांचं असतं, म्हणजे दोन रेषा टोकाशी अगदी चिकटतात आणि पसरल्या की तिथे गोळा होतो. सातच्या अणकुचीदार प्रकारात तर टोक जेमतेम २६ अंशांचं. सहाचं ६०, त्यामुळे ती जास्त टिकते. माझा नियम: अंगठ्याच्या नखाहून लहान चांदणी रेषांची काढू नका, एवढीशीच हवी असेल तर भरलेली काढा. पेंटाग्राम असेल तर त्याहून बराच मोठा, आत मोकळी जागा राहिली पाहिजे.

७. जाताना काय न्यायचं

जन्मतारीख असलेलं फोटो ओळखपत्र (१८ पूर्ण नसतील तर चांगला स्टुडिओ घेणारच नाही, आणि जो घेईल तिथे जाऊ नका). चालू औषधं आणि ॲलर्जी लिहिलेला कागद, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, जखमेचा वण फुगून वाढण्याची सवय, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. डिझाइनचे खऱ्या साइझचे दोन प्रिंट. पेनवाल्या चांदणीचा हात खाली सोडलेला फोटो. छोटी पट्टी. पोटात काहीतरी घालून जा, आदल्या रात्री दारू नको.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचा, टचअप फुकट आहे का ते त्यातच असतं. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. शाईचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या, पुढे ॲलर्जी झाली तर डॉक्टर पहिलं तेच विचारतो.

८. स्टेन्सिल लागल्यावर उठा

हे फार महत्त्वाचं आहे. स्टेन्सिल लावलं की लगेच सुई सुरू करू देऊ नका. उभे राहा, हात सोडा, वळवा, आरशात बघा. त्वचा पिळली की चांदणी तिरकी होते, खांदा आणि पोटरीवर तर खूपच. पट्टीने टोक ते टोक मोजा, पाचही अंतरं सारखी हवीत, कारण माणसाचा डोळा चांदणीतली जरा जरी चूक असली तरी लगेच पकडतो, फुलात पकडत नाही. स्टेन्सिल पुसून तीनदा लावायला सांगितलं तरी लाजू नका. आर्टिस्ट वैतागला तर वैतागू दे, त्याला ती रोज बघायची नाहीये.

९. नंतरचे दिवस

हात धुऊन सौम्य साबणाने साफ करणं, बिनवासाचं लोशन अगदी पातळ, खपली ओढायची नाही, पोहायचं नाही, ऊन नाही. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत बरी होते. लालसरपणा कमी व्हायच्या ऐवजी पसरत गेला, पू आला, ताप आला तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. पुढे कायम सनस्क्रीन. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर किती थांबायचं ते देशागणिक वेगळं आहे, रक्तपेढीला विचारा.

१०. चुकलंच तर

लेझरने काळी शाई त्यातल्या त्यात चांगली जाते, हिरवी, पिवळी त्रास देतात, आणि मधे काही आठवड्यांची गॅप ठेवत अनेक सेशन्स लागतात. माझ्यात तेवढा धीर नव्हता. मी दुसऱ्या आर्टिस्टकडे गेले, तिने कागदावर माझी चांदणी काढली, दुसरा कागद घेऊन तीच उलटी काढली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. पाचाची चांदणी उलटी केली की तिची टोकं पहिलीच्या फटींच्या बरोबर मधोमध येतात, म्हणजे दहा टोकांची चांदणी तयार होते आणि ती वरून खालून कुठूनही बघा, सरळच. मधला गुंता तिने शेडिंगने बुजवला, दोन बैठका लागल्या, आतल्या बाजूची कातडी दुसऱ्यांदा जास्त दुखते हे खरं आहे.

आता लोक विचारतात सूर्य आहे का. मी हो म्हणते.